चंदनाचा साबण

गुरुजी,

शाळेच्या नव्या हॉलला तुमचं नाव देणार आहेत, येत्या रविवारी. माझ्या वर्गातला एक जण आता शाळा समितीवर आहे. त्याचा फोन आला, "गुरुजींवर तूच बोलायचंस. गावातली पहिली वकील त्यांनीच घडवली." मी लगेच हो म्हटलं. त्याला वाटलं, मला आनंद झाला. आनंद कसला, मला संधी मिळाली होती. तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली, पण तुमच्याशी माझं एक भांडण राहून गेलंय. ते भर सभेत, हार घातलेल्या तुमच्या फोटोसमोरच भांडायचं मी ठरवलं.

सातवीचा वर्ग आठवतो? तुम्ही घाटावरून आलेले, पांढऱ्या कपड्यांना आमच्या गावचा चिखल लागू नये म्हणून बांधावरून जपून पाय टाकत येणारे. आम्ही त्या चिखलातच वाढलेलो. सुकती लागली, पाणी मागे हटलं, की माझी आई टोपली घेऊन किनाऱ्यावर उतरायची आणि पोटरीभर चिखलातून तिसऱ्यांचे शिंपले काढायची. त्या दिवशी पहाटे मीही तिच्याबरोबर गेले होते. परत येऊन आंघोळ केली, वेणी घातली, शाळेत आले. तुम्ही फळ्याकडे वळता वळता थांबलात, नाकाला रुमाल लावलात आणि विचारलंत, "कोणाच्या अंगाला चिखलाचा वास येतोय रे?" सगळा वर्ग माझ्याकडे बघतो. मी वहीत बघते. आणि चीड कशाची येते सांगू? आदल्याच रविवारी आईने तुम्हाला तिसऱ्यांचं कालवण पाठवलं होतं, आणि तुम्ही डबा चाटूनपुसून परत केला होतात. तिसऱ्या चालायच्या, वास तेवढा चालत नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते. पण सहामाहीत मी पहिली आले आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला बक्षीस दिलंत. चंदनाचा साबण. "डोकं चांगलं आहे, आता जरा स्वच्छही राहा." पोरं खो खो हसली. तुम्हीही हसलात. मग त्याच वर्षी शिष्यवृत्तीसाठी तुम्ही मला रोज शाळा सुटल्यावर शिकवलंत, दिवेलागण होईपर्यंत, एकही दिवस न चुकवता. आज मी अलिबागच्या कोर्टात उभी राहते ती त्यामुळे, हे मी नाकारत नाही. दोन्ही तुम्हीच केलंत. म्हणून तर धड तुमचा द्वेषही करता येत नाही.

त्यानंतर मी चिखलात पाय घातला नाही. आईला शाळेच्या फाटकापाशीसुद्धा येऊ दिलं नाही. घरातल्या साध्या साबणाने हात लाल होईस्तोवर घासायचे. तुमचा साबण तिने मला वापरूच दिला नाही. "गुरुजींनी बक्षीस दिलाय," म्हणत तिने तो आळीभर फिरवून दाखवला आणि पेटीत साड्यांच्या घडीत जपून ठेवला. तिला मी काय सांगणार होते?

काल भाषण डोक्यात जुळवतच गावी आले. आई म्हणाली, किनाऱ्यावर ने. तिचे गुडघे गेलेत, पण गाडी बांधापर्यंत जाते. सुकती लागली होती. पाणी पार लांब गेलेलं, मधे नुसता राखाडी, ओला, चकाकणारा चिखल. निवटी मासे चिखलावर उड्या मारतायत, तिवरांच्या मुळांशी बगळे उभे आहेत, आणि माणूस म्हणून कुणी नाही. पर्यटकांना पांढरी वाळू लागते, ते इकडे फिरकत नाहीत. मोबाइलवर कुणीतरी 'घाणेरडा बीच, जाऊ नका' असं लिहून ठेवलंय. ते वाचताना मला तुमचाच आवाज ऐकू आला होता.

"जा गो, मूठभर काढून आन," आई म्हणाली. "माजे पाय आता न्हाय चालत."

"मी? या कपड्यांत?"

"कपडं धुता येतात."

चपला काढल्या आणि उतरले. दहा-बारा पावलांवर तोल सांभाळायला थांबले, तर दोन्ही पाय रुतले. बांधावरून आईची हाक आली, "उभी ऱ्हाऊ नको! उभी ऱ्हायलीस का धरतो तो. चालत ऱ्हा!" पाय उपसला, चालले, वाकून हात घातला. बोटांना शिंपला लागला आणि तो वास आला. मीठ, कुजका पाला, ओली माती. यात नाकाला रुमाल लावण्यासारखं काय होतं, गुरुजी? मी तिथेच वाकलेली राहून रडले. दुःख नव्हतं ते, संताप होता. माझ्या हक्काचा किनारा तुम्ही एका वाक्यात माझ्यापासून तोडलात.

मूठभर तिसऱ्या आईच्या पदरात टाकल्या. त्या चाचपत ती म्हणाली, "रविवारी मी पन येनार. म्होरच्या रांगेत बसव मला."

"बसवते."

"आनि त्या साबनाचं सांग लोकांना. आपल्या घरात कुनी कंदी बक्षीस आनलं नव्हतं. गुरुजींनी भर वर्गात दिला, आपल्यासारख्याच्या पोरीला. सांगशील ना?"

तिचा चेहरा इतका खुलला होता की मला तिच्याकडे बघवेना.

"व्हय," मी म्हटलं.

माझं भाषण तिथेच बारगळलं. खरं बोलले तर तुमचं काय बिघडणार आहे? फोटोवरचा हार आहे तसा राहील. पण वर्ग ज्याला हसला तो तिच्याच मेहनतीचा वास होता आणि साबण त्यासाठीच होता, हे आईला पहिल्यांदा कळेल, तेही चार माणसांत, पहिल्या रांगेत बसून. म्हणून रविवारी मी उभी राहीन आणि गुरुजींनी मला चंदनाचा साबण बक्षीस दिला एवढंच सांगेन. लोक टाळ्या वाजवतील. हे पत्र कुठे जायचं नाही, माझ्या पर्समध्येच राहील.

तुम्ही सुटलात, गुरुजी. आईमुळे सुटलात. आणि कबूल करते, काल बांधावर क्षणभर मला तुमच्यापेक्षा तिचाच जास्त राग आला.