भोंग्याला गप्प करायच्या ट्रीट

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण उदात्त आहे.

सकाळी सोसायटीचे चेअरमन दारात. आमच्या बरोब्बर खाली राहणाऱ्या सिस्टरबाईंची तक्रार आली म्हणाले. त्या हॉस्पिटलात नाइट ड्यूटी करतात, दिवसा झोपतात. 'वरच्या घरातल्या आवाजाने झोप लागत नाही' अशी तक्रार. चेअरमन बोलत असताना भोंगा माझ्या मागून भुंकत होता, त्यामुळे कसला आवाज, हे विचारायची वेळच आली नाही. तेवीस तारखेला मीटिंग. तोवर कुत्रा गप्प झाला नाही तर त्याला हलवा.

हलवा म्हणजे मेहुण्याकडे पाठवा. मेहुण्याचं गोदाम आहे आणि गोदामात साखळी आहे. भोंगा मुळात लेकीचा. हॉस्टेलला जाताना तिने त्याला माझ्या हवाली केला. महिनाअखेर ती सुट्टीवर येतेय. तिला काय तोंड दाखवू?

फार लाजल्यासारखं झालं. चेअरमनना साधा चहा विचारायचं राहून गेलं.

निश्चय: भोंग्याला 'गप्प' शिकवणार. मी कंपनीत वर्षानुवर्षं ट्रेनिंग डिपार्टमेंटला होतो. माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचो. (सध्या ब्रेक घेतलाय.) माणसं शिकली, हा तर कुत्रा.

४ नोव्हेंबर

प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन. ट्रीट, म्हणजे बक्षिसाचा खाऊ, देऊन शिकवा म्हणाले. वाटाण्याएवढी, मऊ, वासाची. मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. दुकानातलं पाकीट उलटून वाचलं. निम्मे पदार्थ उच्चारता येईनात. ठरलं, घरीच करणार. जे आपण केलं नाही ते दुसऱ्याला कसं भरवायचं?

चिकनवाल्याकडे कलेजी मागितली. पाहुणे येणार का, त्याने विचारलं. हो म्हणालो. कुत्र्याला हवी, हे चारचौघांत सांगायची लाज वाटली. मग त्याने पाहुण्यांसाठी म्हणून चांगली चांगली निवडून दिली. आणखी लाज वाटली.

६ नोव्हेंबर

कलेजी उकडली. मिक्सरमधून काढली. ओट्सचं पीठ, उकडलेला भोपळा, एक अंडं. ट्रेमध्ये थापून ओव्हनमध्ये. रंग सिमेंटचा आला. वासाबद्दल लिहीत नाही. ही ऑफिसातून आली तेव्हा तिला लिफ्टमध्येच कळलं म्हणे. हा ओव्हन आता तुझा, म्हणाली, माझ्यासाठी नवा घे.

वाटाण्याएवढे तुकडे करायचे होते. पण एवढा खटाटोप करून वाटाण्याएवढं काय द्यायचं? हात आखडल्यासारखं वाटतं. लिंबाएवढे केले.

चाखून पाहिलं. मीठ कमी. मग आठवलं.

८ नोव्हेंबर

इतिहास घडला.

भोंगा खिडकीत भुंकला. मी "गप्प!" म्हणालो आणि ट्रीट नाकासमोर धरली. गप्प! म्हणजे खरोखरच गप्प. "शाब्बास!" म्हणून ट्रीट दिली. तो परत भुंकला. "गप्प!" गप्प. "शाब्बास!" संध्याकाळपर्यंत हेच. एकदाही चुकला नाही. शंभर टक्के रिझल्ट कंपनीत कधी मिळाला नव्हता.

कौतुक मनापासून करा, असं डॉक्टरांनी सांगितलंय, कुत्र्याला सूर कळतो. मी मनापासून करतो.

११ नोव्हेंबर

प्रगती पाहून मीच चाट पडलो. पूर्वी भोंग्याला भुंकायला काहीतरी कारण लागायचं. कुरिअरवाला, मांजर, जिन्यात बूट वाजले तर. आता कारण लागत नाही. माझ्यासमोर येऊन बसतो, भुंकतो, आपणहून गप्प होतो आणि डब्याकडे बघतो. आज्ञासुद्धा द्यावी लागत नाही. असा कुत्रा मेहुण्याच्या गोदामात बांधायचा?

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तो ट्रीट मिळावी म्हणून भुंकतोय. तो शांत असतो ना, तेव्हा द्या.

शांत असताना दिली तर कशाबद्दल दिली हे त्याला कळणार कसं? या पिढीचा पायाच कच्चा.

तक्रारीचं तिला बोललो नाही. मेहुण्याचंही नाही. सगळं मजेत आहे म्हणालो. फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते.

१४ नोव्हेंबर, सकाळी

कलेजी घेऊन येताना लिफ्टमध्ये सिस्टरबाई. ड्यूटीवरून येत होत्या. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, हातात रिकामा डबा. मी बटणांकडे बघत राहिलो. बटणं इतक्या बारकाईने कधी पाहिली नव्हती. काहीतरी बोलायला हवं म्हणून 'ट्रेनिंग चालू आहे' म्हणालो.

हो, ऐकू येतं, म्हणाल्या. पुढेही काही सांगणार होत्या, पण त्यांचा मजला आला. मी दार बंद व्हायचं बटण दाबलं. मुद्दाम दाबलं.

घरी येऊन पिशवी हातात घेऊन तसाच सोफ्यावर बसून राहिलो. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. रात्रभर लोकांची दुखणी काढायची आणि दिवसा आमचा भोंगा ऐकायचा. स्वतःची शरम वाटली, अगदी पोटातून.

उपाय: ट्रेनिंग दुप्पट.

१८ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे. भोंग्याला वजनकाट्यावर उभं केलं, काटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ट्रीट दाखवा म्हणाले. दाखवली. ही एक? नाही, याचे मी तुकडे करतो, म्हणालो. खोटं. भोंगा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की त्याला बोलता येत नाही याचं बरं वाटलं.

घरी येऊन ट्रीट खरोखर वाटाण्याएवढ्या केल्या. भोपळ्याऐवजी गाजर. पहिली दिल्यावर भोंग्याने ती संपल्यावरसुद्धा जमिनीवर शोधली, आणि मग माझ्यावर भुंकला. गप्प केला. शाब्बास म्हणालो. उद्यापासून परत लिंबाएवढ्या.

भुंकणं कमी झालंय ना, असं हिला विचारलं. ती म्हणाली, मी दिवसा ऑफिसात असते. आणि सुट्टीच्या दिवशी मला सांगता येत नाही, कारण तू बोलत असतोस.

घरातूनच प्रोत्साहन नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या मीटिंग. सगळं पाठ आहे. भोंगा भुंकणार, मी शांतपणे 'गप्प' म्हणणार, तो गप्प होणार, लोक बघत राहणार. चेअरमन कदाचित बाकीच्या कुत्रेवाल्यांनाही शिकवा म्हणतील. सध्या वेळ आहेच, विचार करता येईल.

सकाळपासून रंगीत तालीम. इतकी झाली की ताज्या ट्रीट तालमीतच संपल्या. संध्याकाळी परत मिक्सर लावला. माझा घसा बसलाय. गरम पाणी घ्यायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहू नये असं वाटतंय.

मीटिंग चेअरमनच्या हॉलमध्ये. सिस्टरबाई ड्यूटीवरून थेट आल्या, युनिफॉर्मवर स्वेटर. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या, आणि मागच्या सभेच्या इतिवृत्ताचं वाचन चालू असतानाच त्यांना झोप लागली. मान एका बाजूला कलली. भोंगा माझ्या हातून सुटून त्यांच्या पायाशी गेला, पसरला, तोही झोपला. सगळे आपोआप हळू बोलायला लागले. खजिनदारांनी खुर्ची सरकवायच्या ऐवजी उचलून ठेवली.

मी तिथेच थांबायला हवं होतं. कुत्रा गप्प होता. आणखी काय पाहिजे होतं मला?

पण मी उभा राहिलो. प्रात्यक्षिक दाखवतो म्हणालो. चेअरमन म्हणाले, अहो, तो शांतच आहे की. ही नुसती झोप आहे, मी म्हणालो, ट्रेनिंग दिसायला त्याने आधी भुंकायला पाहिजे. भोंग्याच्या नाकाशी ट्रीट धरली. त्याने एक डोळा उघडला, ट्रीट पाहिली, डोळा मिटला. कालच्या तालमीने पोट गच्च होतं.

सगळे बघत होते. मी गुडघ्यांवर बसलो आणि भुंकलो. आधी हळू. मग नीट, मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल असं.

सिस्टरबाई दचकून उठल्या. पडल्याच असत्या, हिने धरलं. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं.

"हाच आवाज," त्या चेअरमनना म्हणाल्या. "कुत्र्याचं मला काही नाही हो, तो भुंकतो आणि थांबतो. यांच्या शाब्बासने झोप मोडते. त्याआधी नुसतेच त्याच्यावर ओरडायचे, तेव्हाही यांच्याच आवाजाने. मी तक्रारीत कुत्रा म्हटलंच नव्हतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"काका, राग मानू नका," त्या मला म्हणाल्या. "मी फार दमलेय."

मी अजून गुडघ्यांवरच होतो, हातात कलेजीचा गोळा. उठायचं सुचलं नाही. कुठे बघावं तेही कळेना, म्हणून भोंग्याकडे बघितलं. तो घोरत होता.

ठराव एकमताने मंजूर. कुत्रा राहील. मी दिवसा, दहा ते पाच, घराबाहेर बसावं. चेअरमननी शब्द फार जपून वापरले, आदेश नाही, विनंती आहे म्हणाले. हिचाही हात वर होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दहाला डबा घेऊन निघालो. वाचनालयात बसायचं, नोकरीच्या जाहिराती बघायच्या. ब्रेक मी घेतलेला नाही, मला दिलेला आहे, हे इथे तरी लिहायला हरकत नसावी.

गेटजवळ पोहोचून वर पाहिलं. भोंगा खिडकीत बसून माझ्याकडे बघत होता. कुरिअरवाला आत गेला. भिंतीवरून मांजर गेलं. भोंगा भुंकला नाही. कुणी न सांगता, ट्रीट न घेता, नुसता बसून राहिला.

शाब्बास म्हणायला तोंड उघडलं. खालच्या खिडकीचे पडदे ओढलेले दिसले. मिटलं.