बर्फात थांबलेली नाव

उत्तरेचा समुद्र, ऑगस्ट १९३२

तीर्थरूप आबांना उखर्डूचा दुरून नमस्कार.

मी खुशाल आहे. भुसावळच्या आपल्या साहेबांच्या छोट्या शिडाच्या नावेवर स्वयंपाक करतो, अंगात दोन लोकरी कोट असतात. केळीची बाग कशी आहे? आईचा गुडघा?

चार दिवसांपासून नावेभोवती बर्फ जमतंय. ते घासलं की फळ्या करकरतात. आज सीलची शिकार करणाऱ्यांचं जहाज भेटलं. कप्तान म्हणाला, "आम्ही परत निघालो, तूही चल."

साहेब तापाने पडलेत, तरी नाव सोडायला तयार नाहीत. त्यांना एकटं टाकून जाववेना. मी थांबलो. सुकाणू धरायला थोडं शिकलोय.

हे पत्र त्या कप्तानाजवळ देतो. दिवाळीपर्यंत दुसरं आलं नाही, तर आईला सांगा, इकडे टपालपेटी नाही.

आपला,
उखर्डू