घोड्यांपुढचा जवळा

मी, हरेश्वर गजानन पागधरे, वय एकाहत्तर, निवृत्त टूलमेकर, राहणार चिंचणी, ता. डहाणू, जि. पालघर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणीतरी असावे लागते.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव भाची दीपिका हिला द्यावी. घर तिने खुशाल विकावे. मात्र कलम चार पुरे होईपर्यंत माडीवरच्या टेबलाला हात लावू नये, पुसायलासुद्धा.

२. माझी हत्यारे गरजू कारागिराला द्यावीत. "बघून देतो" म्हणून माझा मायक्रोमीटर नेणाऱ्या सुपरवायझरला साधा पानाही देऊ नये.

३. सदर टेबलावर शिशाचे एकशे चाळीस घोडेस्वार आणि पायदळ मांडलेले आहे. साचे माझे, रंग प्रदीप नारायण चुरी, राहणार पालघर, याचे. बोईसरच्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीत होतो. लढाईच्या खेळाचे नियमही दोघांनी मिळून वहीत लिहिले. घोडा दमतो, हे कसे दाखवायचे यावर आम्ही दोन वर्षे भांडलो. शेवटी सुकी मासळी विकणाऱ्या शेजारच्या येसूबाईच्या टोपलीतला सुका जवळा, ती बारकी कोळंबी, कामी आला, दमलेल्या घोड्याच्या मानेसारखा वाकलेला. नियम चौदा : प्रत्येक दौडीला पथकापुढे एक जवळा ठेवावा. तीन झाले की पथक विस्कळीत, रांग मोडलेली धरावी. त्याला हल्ला करता येणार नाही. एक पाळी थांबले तर एक जवळा उचलावा.

४. आठ वर्षांपूर्वी प्रदीप चहाचे कप ठेवायला खाली गेला, तेव्हा येसूबाईची मांजर खिडकीतून आली आणि माझ्या उजव्या पथकापुढचे तिन्ही जवळे खाऊन गेली. मी पाहिले. गप्प बसलो. प्रदीप वर आल्यावर त्याच पथकाने त्याच्या तोफांवर हल्ला केला.

तो म्हणाला, "हऱ्या, ही घोडी दमलेली हायत. तीन जवळे होते इथं."

मी म्हणालो, "दाखव, कुठं हायत?"

"तुला ठावं हाय," एवढेच बोलून त्याने चपला घातल्या. तीस वर्षांत तो माझ्याकडे हरला पुष्कळदा, पण चिडून गेला तो त्याच दिवशी. नर्मदा, माझी बायको, गेली तेव्हा तो स्मशानात शेवटपर्यंत मागे उभा होता. मी मान वळवली नाही. त्यानंतर या घरात दोन कप एकदम धुतले गेलेले नाहीत. मला त्याची फार आठवण येते.

म्हणून लिहून देतो की तो हल्ला खोटा होता, तो मी मागे घेतो. मांजर निर्दोष आहे. माझ्या पश्चात दीपिकाने त्या पथकापुढे तीन जवळे ठेवावेत आणि प्रदीपला बोलवावे. पाळी त्याची आहे. डाव संपला की सगळे सैन्य आणि वही त्याची.

५. साक्षीदार दोन लागतात. ते जमवायला मला चार दिवस लागले. येसूबाईने हे माझ्याकडून वाचून घेतले आणि म्हणाली, "मरायला येळ हाय तुला. आदी त्याला बोलव." तिचे सहसा मी ऐकत नाही. पण या मृत्युपत्राची एक प्रत आजच स्पीड पोस्टाने प्रदीपला पाठवीत आहे. माझ्या हयातीत तो आला, तर कलम चारमधले दीपिकाचे काम रद्द समजावे. जवळे मी ठेवीन.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माफीही मागितलेली नाही.

ठिकाण : चिंचणी
दिनांक : १० नोव्हेंबर २०२५
सही : ह. ग. पागधरे

साक्षीदार :
१. येसूबाई महादू तांडेल, सुकी मासळी विक्रेती (डाव्या हाताचा अंगठा)
२. मेहुल शहा, औषध दुकानदार (सही)

ता. क. येसूबाईने मूठभर जवळा दिला आहे. डब्यात घालून झाकण घट्ट लावले आहे. डबा टेबलावर, प्रदीपच्या बाजूला आहे.