मामाचा होकार

जिल्हा रुग्णालय, मुलांचा वॉर्ड
९ फेब्रुवारी १९९९, सकाळ

ती. फ्रॅकसनदादास,

एनेलेसीचा सा. न. वि. वि. हा नमस्कार सवयीनं लिहिला आहे, मनात रागच आहे.

तामांडाची छाती कालपासून भात्यासारखी चालली आहे. ताप उतरला, पण श्वास पुरत नाही. सिस्टर म्हणते, नाकात प्राणवायूची नळी घालायची. मी म्हटलं, पोरीच्या मामाला विचारल्याशिवाय नाही. त्यावर तिनं भर वॉर्डात माझी बिनपाण्यानं केली. पोरीला जन्म तू दिलास की तुझ्या भावानं, असं विचारलं. तिला काय सांगणार? ती उत्तरेकडची, तिच्याकडे मूल बापाचं. आपल्याकडे मूल आईच्या घराण्याचं आणि शब्द मामाचा. नवऱ्याला विचारावं, तर इलियास जोहान्सबर्गच्या खाणीत, पेरणीपासून त्याचं पत्र नाही.

भीती मलाही आहे. मागच्या अंगणात चुलीवर मक्याच्या पिठाचा न्सिमा घाटताना बाया कुजबुजतात की नळी म्हणजे शवागाराची वाट. कोपऱ्यातल्या पोराला परवा लावली, काल त्याची आई त्याला आपल्या कमरेच्या चितेंजेत गुंडाळून घेऊन गेली. सिस्टर म्हणते, बुडणाऱ्याच्याच अंगावर दोर दिसतो, म्हणून दोरानं बुडवलं का?

ट्रकवाला चिठ्ठीसाठी खोळंबला आहे. त्याच्याच हाती उत्तर पाठव आणि हो म्हण. उशीर केलास तर लोभाबिभाची गोष्ट पुन्हा काढू नकोस.

अजून तरी तुझीच धाकटी,
एनेलेसी


मकोंबे
९ फेब्रुवारी, दुपार

चि. एनेलेसीस,

आशीर्वाद ठेवून घे, पुढचं वाचून परत करावासा वाटला तरी.

नाही. नाही म्हणजे नाही. तुझी सिस्टर दोराच्या गोष्टी सांगते, तर तिला म्हणावं फ्रॅकसनचा मायेसो आणून दाखव. चार वर्षांचं पोर, नळी घातली आणि कोंबडा आरवायच्या आत गेलं. त्याला मातीत मी ठेवलं, तिनं नाही. त्याची आई डोरिका अजून त्याच्या वाडग्याला कुणाला हात लावू देत नाही.

तुला सांगितलेलं कधी पटलंय म्हणा! इलियासशी लग्न करू नकोस म्हटलं, केलंस. आता बस वाट बघत. या खेपेला शहाणपण नको. उद्या बैलगाडी घेऊन येतो, पोरीला घरी आणू आणि वैदूला दाखवू. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस. नळी लावलीस आणि काही बरंवाईट झालं, तर दफनाला घराण्यातलं एक माणूस येणार नाही. मीही नाही.

तुझ्या भल्यासाठीच कडू बोलणारा,
फ्रॅकसन


रुग्णालय
१२ फेब्रुवारी

फ्रॅकसनदादास,

'तीर्थरूप' आज हातून उतरत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा तामांडाची नखं निळी पडली होती. मी ते वाचलं, कमरेला खोचलं आणि सिस्टरला सांगितलं, लाव. बुधवारी तू गाडी घेऊन आलास, फाटकाशी उभा राहून माझा उद्धार केलास आणि पोरीचं तोंडही न बघता परत फिरलास. वॉर्डातल्या सगळ्या बायांनी ऐकलं.

आता तू ऐक. मायेसोला नळीनं मारलं नाही. त्याचा श्वास लागला तेव्हा तुम्ही दोघांनी त्याला दोन दिवस घरात ठेवलंत, कारण डोरिकाचा भाऊ बायसन परगावी होता आणि पोराच्या मामाच्या शब्दाशिवाय दवाखान्यात न्यायचं कसं! मी बाप आहे, मी नेतो, असं तुझ्या तोंडून निघालं नाही. आणि डोरिका तुझ्या तोंडाकडे बघत बसली. इथं आणलंत तेव्हा पोरात उरलं होतं काय? नळी शेवटी आली, म्हणून खापर तिच्यावर फोडलंत.

तामांडानं आज वाटीभर पेज प्यायली आणि आणखी मागितली. सिस्टरच्या बोटाला कडकडून चावली. सोमवारी घरी सोडणार आहेत. यापुढे माझ्या पोरीवर हुकूम चालवायला येऊ नकोस.

लोभ वाढावा असं या खेपेला लिहीत नाही.

तामांडाची आई


मकोंबे
१४ फेब्रुवारी

एनेलेसी,

तुझं पत्र ट्रकवाल्यानं डोरिकाच्या हाती दिलं. तिनं ते उभ्या उभ्या वाचलं, माझ्यासमोर ठेवलं आणि एवढंच विचारलं की पोरगी खरंच पेज पिते का. मी म्हटलं, लिहिलंय तर पीत असेल. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. काल बायसन आला, तिचा सख्खा भाऊ, पण तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

जिंकलीस बाई. तामांडा जगली याचं मला बरंच वाटतं, तेवढा हलकट मी नाही. पण सोमवारी तिला घेऊन आमच्या अंगणातून येऊ नकोस, विहिरीमागच्या वाटेनं जा. पत्राच्या शेवटी माया मागायची रीत आहे, म्हणून मागतो. ठेवायचीच असेल, तर लांबून ठेव.

दोन वर्षं आम्ही नवरा-बायको त्या नळीला शिव्या देत एका ताटात जेवलो. आता नळी सुटली. मायेसोला कुणी मारलं म्हणायचं, तर घरात आम्ही दोघंच उरलो आहोत.

फ्रॅकसन