भोंग्यावर न घेतलेलं नाव

नाना, सुरुवात तुमच्या हाकेने केली आहे, ते बघून ठेवा. तीर्थरूप लिहिलं नाही, साष्टांग नमस्कार तर नाहीच. आकाशातल्या विमानाशी रेडिओवर बोलायचं तर नियम असा आहे की ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी घ्यायचं, मग आपण कोण ते सांगायचं, आणि मग काय काम आहे ते. तो नियम मी पाळते आहे. तुम्ही माझ्याशी उभ्या जन्मात एकदाही पाळला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की धुळ्याच्या स्टँडवर तुमच्या ओळखीचं माणूस आता शोधून सापडायचं नाही. वय झालं की राग निवतो, असं मला सगळे सांगत आले. माझ्या घरात चहा निवतो, वरण निवतं, हा काही निवत नाही. म्हणून आज दुपारी भांडी आवरून लिहायला बसले आहे.

विमानांचं तुला काय कळतं, असं म्हणाल. तुमचं तोंड मला ठाऊक आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा मुलगा रांगत होता. तो आता इथे जळगावच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आहे. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे जेवायला येतो. एकदा शेवभाजीत भाकरी कुस्करता कुस्करता त्याने मला बॅगेला लावायची चिठ्ठी दाखवली आणि म्हणाला, आत्या, ही दोन अक्षरं म्हणजे कंपनी. तिथून मला नाद लागला. शाळा सातवीत सुटली, पण एखादी गोष्ट धरली की मी सोडत नाही. हे तुम्हाला माहीत नसणार, तुम्ही कधी बघितलंत. फोनवर एक नकाशा मिळतो, त्यात आपल्या डोक्यावरून कोणतं विमान चाललं आहे ते दिसतं. गच्चीवर पापड वाळत घातले की खुर्ची टाकून बसते आणि वरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करते. इंग्रजी अडलं की भाच्याला विचारायचं, तो कामात असला की स्वतःच अक्षरं जुळवत बसायचं.

तर ऐका. विमान कंपनीला तीन ओळखी असतात. एक दोन अक्षरांची, तिकिटावर आणि बॅगेच्या चिठ्ठीवर, प्रवाशांसाठी. तिच्यात कधी एखाद्या अक्षराच्या जागी आकडाही असतो. दुसरी तीन अक्षरांची, खाली बसलेल्या नियंत्रकाच्या पडद्यावर दिसते. आणि तिसरी तोंडाने बोलायची, तिला कॉलसाइन म्हणतात. मी तिला हाक म्हणते. नियंत्रक विमानाला बोलावतो तो ह्या हाकेने, पुढे फेरीचा नंबर लावून. हाक कंपनीच्या नावासारखीच असावी असं काही नाही. कुणाची पाखराची, कुणाची हरणाची, एका कंपनीची तर निवडुंगाची होती. पण कुणालाही हाक देण्याआधी बघतात, की दुसऱ्या कुणाच्या हाकेशी ती मिळतीजुळती तर नाही. कारण सारख्या ऐकू येणाऱ्या हाकांची दोन विमानं एकाच वेळी वर असली, तर एकाला खाली ये म्हटलं की भलतंच खाली यायला लागतं.

मलाही तीन होत्या. शाळेच्या हजेरीत एक, ती कागदापुरती. लग्न होऊन यावलला गेले तर तिथे सगळी मला धुळेवाली म्हणायला लागली, आपल्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात तशी. केळीच्या बागेत सासू लांबून "ओ धुळेवाली" करायची तेव्हा मला फार बरं वाटायचं. त्या घरात धुळ्याची मी एकटीच. ती हाक दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती. आणि तिसरी तुमची. ए. ए पाणी आण, ए दार लाव, ए तुझ्या आईला सांग. तुम्ही धुळ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. साक्री, पिंपळनेर, दोंडाईचा, शिरपूर, गावांची नावं तुम्ही भोंग्यावर अशी घ्यायचात की गाडी लागलेली सोडून माणसं ऐकत उभी राहायची. नानांनी नाव घेतलं की गाव जवळ आल्यासारखं वाटतं, म्हणायची. साक्रीपलीकडच्या डोंगरातल्या पाड्याचं नावसुद्धा कधी तुमच्या तोंडात अडकलं नाही. माझं तेवढं अडकलं.

का अडकलं ते मला लवकरच कळलं. माझ्या आधी एक होती. चांगली चालती-बोलती, तापाने गेली. मग मी झाले, आणि तुमची आई माझं तोंड बघून म्हणाली, "तीच परत उनी शे. तेच नाव ठेवा." तुम्ही ठेवलंत. स्वयंपाकघरात फळीवर तिचा फोटो होता. रोज सकाळी आंघोळ झाली की तुम्ही त्याला फूल वाहायचात आणि हलक्या आवाजात तिचं नाव घ्यायचात. भोंग्यावरचा आवाज नव्हे तो, त्याहून गोड. मी चुलीपाशी चहाची वाट बघत बसलेली आहे. नाव ऐकते. उठून तुमच्याजवळ येते, म्हणते, काय नाना? तुम्ही वळूनसुद्धा बघत नाही.

"तुला नाही."

दोनच शब्द. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आले, पुन्हा तेच. लहान मूल किती वेळा येईल? मग मी त्या नावाला ओ देणं सोडलं. आई मला नावाने हाक मारायची, पण तुम्ही ड्यूटीवर असताना. तुमच्या सायकलची घंटी गल्लीत वाजली की माझं नाव तिच्या पदराखाली जायचं. एका घरात एका हाकेच्या दोघी, एक फळीवर, एक चुलीपुढे. आणि नियंत्रक घरचाच.

आता अखाजीच्या सणाचा तो दिवस. तुम्ही तो मांडवामांडवातून हसत सांगितलात, मी माझ्या तोंडाने आज पहिल्यांदा सांगते. अखाजीला माहेरी जाणाऱ्या बायांनी स्टँड फुलून गेलेला. आई मला उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभी करून खिडकीतून सीटवर रुमाल टाकायला धावली आणि गर्दीत माझी तिची चुकामूक झाली. ती रडत तुमच्याकडे आली. तुम्ही भोंगा लावलात. मी रसाच्या गाडीपलीकडे गर्दीत दबून उभी होते, तुमचा शब्दन्‌शब्द मला ऐकू येत होता. निळा परकर घातलेली, दोन वेण्यांची मुलगी हरवली आहे, कुणाला दिसल्यास नियंत्रण कक्षात आणून द्यावी. नाव नाही. अख्ख्या खानदेशाची नावं घेतलेल्या त्या भोंग्यावर नाव तेवढं नाही. माझा परकर माझ्या मते जांभळा होता. आईने घरी रंगवलेला, तीही त्याला जांभळाच म्हणायची. मला वाटलं, बिचारी कुणीतरी हरवली आहे. आणि नाना, मी तिला शोधायला निघाले. बाकड्यांखाली बघितलं, पाणपोईमागे बघितलं, मग साक्रीच्या गाडीत एक निळा परकर दिसल्यासारखा झाला म्हणून चढले, तर गाडी हलली. कुसुंब्याला कंडक्टरच्या लक्षात आलं, त्याने मला परतीच्या गाडीत बसवून दिलं. तुम्ही केबिनबाहेर उभे होतात. चार माणसांदेखत कानाखाली वाजवलीत आणि म्हणालात, "तुना कान फुटी ग्यात का?" मी सांगितलं, नाना, तुम्ही निळ्या परकरवालीला बोलावत होतात. सगळी केबिन हसली. तुम्हीही हसलात. पुढे माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना तुम्ही हेच सांगितलंत, आमची पोरगी स्वतःच हरवली आणि स्वतःलाच शोधत फिरली म्हणून. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "व्याही, नाव घेऊन का नाही बोलावलं?" तुम्ही विषय बदललात. त्या माणसाबद्दल मला जन्मभर माया वाटली ती तिथून.

तुमचं दुःख मोठं होतं, हे मला काकूने समजावलं, शेजारणींनी समजावलं, आता धाकटाही समजावतो. असेल. मीही पोटची माया केली आहे, मला दगड समजू नका. पण दुःख एवढं होतं तर ते नाव तिच्याबरोबर जाऊ द्यायचं होतं. आई म्हणाली म्हणून ठेवलंत, आणि मग मी त्या नावाची नाही निघाले ह्याची शिक्षा मला दिलीत. मी काही तिची जागा मागायला आले नव्हते. मी नुसती जन्माला आले होते.

हे सगळं आताच वर का आलं, तर भाच्याला मुलगी झाली. तुमची पणती. धाकट्याचा धुळ्याहून फोन, "अक्का, नाव ठरलं, तुझंच ठेवतोय. नानांचं लाडकं." मी विचारलं, माझं की तिचं? तो म्हणाला, एकच ना ते. आणि बाळाला सख्खी आत्या नाही, म्हणून पाळण्यात वाकून कानात नाव सांगायचा मान माझा. म्हणजे तिसऱ्या पोरीच्या गळ्यात ते मीच अडकवायचं. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, अगं नाव आहे, विंचू आहे का? तेव्हा मी त्याला त्याच्याच मुलाने सांगितलेली गोष्ट ऐकवली. एखादं विमान पडलं, त्यात माणसं गेली, तर कंपनी बहुतेक वेळा त्या फेरीचा नंबर पुन्हा वापरत नाही. त्याच गावाला, त्याच वेळेला दुसरं विमान जातं, पण नव्या नंबराने. गेलेल्यांचा मान राहतो, आणि नव्यात बसणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकत नाही.

"पोरगी आहे अक्का, विमान नाही."

"म्हणूनच सांगते. विमानाला कुणी 'तुला नाही' म्हटलेलं कळत नाही."

त्याने फोन ठेवला. दुसरं नाव ठेवणार असाल तर मी पाळण्याला हात लावणार नाही, असा निरोप मुलाकडून पाठवला. अगदी तुमच्यावर गेला आहे. मीही उत्तर पाठवलं की मग कानात सांगायला दुसरी आत्या शोध. भाचा बिचारा दोघांच्या मध्ये. शेवटी त्याच्या बायकोचा फोन आला. म्हणाली, आत्या, फळीवरच्या फोटोतलं नाव माझ्या लेकीला मलाही नको होतं, पण मी बोलले असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. तिच्या मनात एक होतं. आम्ही दोघींनी फोनवर बसून तिच्या माहेरची आणि आपल्या घरची सगळी माणसं आठवली, असलेली आणि गेलेली, आणि त्या नावाचं कुणीच नाही ह्याची खात्री केली. कुणाच्या हाकेशी मिळतंजुळतंसुद्धा नाही.

बारसं परवा झालं, धुळ्याच्या आपल्या त्याच घरात. धाकटा मांडवाबाहेर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसलेला. मी पाळण्यात वाकले. बाया पाठीत गुद्दे घालत होत्या, घालतातच, त्या गोंगाटात कुणाला काही ऐकू गेलं नाही. मी नियमाने बोलले. आधी तिचं नाव घेतलं. मग मी कोण ते सांगितलं, माझं नाव, माझ्या तोंडाने. काम काही नव्हतं. घुगऱ्या वाटायला लागल्यावर धाकटा आत आला, सुनेला विचारलं, काय ठेवलं मग? तिने सांगितलं. नव्या चपलेत पाय घालून बघावा तसं त्याने ते हळूच एकदा म्हणून बघितलं, मग पाळण्याची दोरी हातात घेतली. माझ्याशी बोलला नाही. बोलेल.

निघताना स्वयंपाकघरात गेले. फळीवर आता तुम्हीही आहात, तिच्या शेजारी. ताटलीत फुलं होती. मी एक उचलून तिला वाहिलं. तिचा ह्यात कधीच काही दोष नव्हता. तुम्हाला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, पापडाच्या डब्यात घडी करून ठेवीन. आकाशातल्या नियमाप्रमाणे उत्तर देणाऱ्याने शेवटी आपलं नाव सांगायचं असतं. ते मी लिहीत नाही. ते तुम्ही घ्यायचं होतं.

एक मात्र सांगून टाकते, तुम्ही विचारणार नाही म्हणूनच. परवा परत यायला धुळ्याच्या स्टँडवर आले तर भोंगा लागलेला. आता तिथे कुणी मुलगी बोलते, भराभर. जळगावची गाडी उभी होती, भाच्याने बॅग वर ठेवली, म्हणाला, आत्या, चढ ना, जागा जाईल. मी म्हटलं, थांब जरा. कुठल्याही गावच्या स्टँडवर मी अशीच थांबते, नाना. भोंगा पूर्ण बंद होईपर्यंत मला गाडीत चढवत नाही.