पाणी धरतं आपल्याला

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आधी चूक दुरुस्त करते. परवा इथे लिहिलं की काकांना पोहता येत नव्हतं, म्हणून बोट बुडाली तसे ते लगेच गेले. घरात सगळे असंच म्हणतात. मीही न तपासता उतरवलं. चूक! काकांना पोहता येत होतं. छान येत होतं!

आज आत्याला सहज विचारलं. ती मशीनवर झबली शिवत होती. चाकावर हात ठेवून थांबली.

"कोण म्हणतं येत नव्हतं?" आणि मग स्वतःच हसली. "मीच म्हणते."

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. माझ्या जन्माआधी गेले. पलटणीत पोहायला शिकले, आणि सुट्टीवर आले तेव्हा एका दुपारी गावाबाहेरच्या तळ्यात फक्त आत्याला पोहून दाखवलं. आजीला पाण्याची धास्ती, म्हणून तिला सांगायचं नाही असं ठरलं. पुढच्याच वर्षी फौजेची बोट वादळात बुडाली. थोडे वाचले. काका सापडलेच नाहीत.

आजी सारखी म्हणायची, "त्याला कुठं पोहता येत होतं, क्षणात झालं असेल गं." आणि आत्या म्हणायची, "हो आई."

आजी गेली. आत्या मात्र अजून तेच म्हणते — आणि एकटी मोजत बसते, पोहता येणारा माणूस किती वेळ पोहला असेल.

बुधवार, ४ फेब्रुवारी

दिवसभर सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं. छापखान्यात मी तपासलेल्या प्रुफात दोन चुका राहिल्या. मी! मालकांनी त्या स्वतःच दुरुस्त केल्या, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

घरात कुणीच काकांबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही. लिहिता येणारी पहिली मीच. म्हणून नीट विचारायला गेले, की काका तळ्यात कसे पोहायचे.

आत्या उठली, चिंध्या बाजूला सारल्या आणि चक्क जमिनीवर आडवी झाली! गुडघे दुखतात म्हणून देवाला नमस्कारसुद्धा उभ्यानं करणारी बाई.

"असा. पाठीवर. मान सैल. मला म्हणाला, पाणी धरतं आपल्याला, आपण त्याच्याशी भांडायचं नाही."

मी तिच्या शेजारी आडवी झाले. पडद्यातून येणारं ऊन छतावर हलत होतं, थेट तळ्यासारखं. दोघी किती वेळ तशा तरंगत होतो, कुणास ठाऊक. आई चहा घेऊन आली आणि दारातच ओरडली, "अगं बाई! पडलात की काय?"

"पोहतोय," आत्या म्हणाली. "तू पण ये."

सोमवार, ९ फेब्रुवारी

छापखान्यात माजी सैनिकांची स्मरणिका छापायला आली आहे. एक आजोबा स्वतःच्या फोटोवरून मशीनवाल्याशी भांडत होते.

"इतका म्हातारा दिसतो का मी?"

"फोटो तुमचाच आहे ना आजोबा? मग मशीन काय करणार?"

खाली त्यांची पलटण लिहिली होती. काकांचीच! शाई लागलेला हात पदराला पुसत मी पुढे गेले, बोटीचं विचारलं. ते फोटो सोडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुझं कोण होतं?"

काका, म्हटलं. उंच. भुवईवर व्रण.

"त्याच्या शेजारीच होतो मी," आजोबा म्हणाले.

बाकड्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. काका पाठीवर तरंगत होते. आजोबांना म्हणाले, हातपाय मारू नकोस, पाणी धरतं आपल्याला. आजोबांनी उजव्या हातानं त्यांचा हात धरला होता. गप्पा चालल्या होत्या. मग बोलता बोलता काका बोलायचे थांबले. "झोप लागते ना, तसं."

घरी धावत आले. आत्यानं सगळं ऐकलं. फक्त एकच विचारलं, "म्हणजे एकटा नव्हता?"

मंगळवार, १० फेब्रुवारी

कालच्यात दुरुस्ती. काका पाठीवर तरंगत होते हे आजोबा आपणहून म्हणाले नाहीत. "पाठीवर तरंगत होते का?" असं मी विचारलं, ते हो म्हणाले. पाण्याचं ते वाक्यही आधी मीच सांगितलं होतं. हे नोंदवलेलं बरं.

आत्या आज दुपारी खुर्चीत झोपली. तोंड उघडं, मांडीवर अर्धं झबलं. आई म्हणाली, इतकी वर्षं या घरात आहे, वन्संना दिवसा झोपलेलं पाहिलं नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आत्याला आजोबांना भेटायचं आहे. "काही विचारणार नाही मी. तो हात बघायचाय फक्त."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

वेळ ठरवायला आजोबांच्या घरी गेले. ते झोपले होते. त्यांची मुलगी मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता, म्हणून सांगते. बाबा त्या बोटीवर नव्हते. ताप होता, म्हणून त्यांना बंदरावरच उतरवलं होतं. त्यांची अख्खी तुकडी गेली. आता जो कुणी विचारत येतो, त्याला सांगतात, मी शेजारीच होतो. एवढ्या जणांच्या शेजारी एक माणूस कसा असेल?"

"त्यांना माहीत आहे का, की हे खोटं आहे?"

"कधी असतं. कधी नसतं."

रस्त्यावर आले. दुकानं, सायकली, माणसं, सगळं हळूहळू वाहत होतं. कुणाचा धक्का लागला तरी कळत नव्हतं. एक काना राहिला तर मला जेवण जात नाही. आणि हे?

घरी आत्या नवं लुगडं काढून इस्त्री करत होती. "काय म्हणाले?"

"झोपले होते," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आज पुन्हा आजोबांकडे जाऊन आले. जागे होते. मला पाहून मान खाली घातली. मी काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, आत्या हात बघायला मागेल. तुम्ही उजवा म्हणाला होतात. उजवाच पुढे करा.

रविवारी, २२ तारखेला, सकाळी दहा वाजता आत्याला घेऊन जाणार आहे.