पंपावरची दांडी

१२ फेब्रुवारी २०१२
— आणि मला विचारायचंच नाही! जनरेटर माझा नि दिराचा, दोघांचा. पण मिस्त्री ठरवायला भाऊजी एकटे. मोठ गावच्या हरप्रसादला बोलावलंय. भाड्याने दिला की लग्नात दिवे मिचमिचतात, म्हणून डिझेलच्या पंपावर नवा अ‍ॅक्चुएटर बसवायचा. इंजिनाला डिझेल कमीजास्त तोच देतो म्हणे. पुर्जा नवा, पण डबा फाटका! कसा काय?

१३ फेब्रुवारी
दिवसभर स्टूल टाकून समोर बसले. हरप्रसादने बोल्ट आवळले, अ‍ॅक्चुएटरची दांडी पंपाला जोडली. इंजिन बंदच. बॅटरीची तार लावली — दांडी पुढे. काढली — मागे, पार टोकाला. "लौटी कि नहीं, भाभीजी?" लौटली. टोकाला आली नाही तर डिझेल बंद होत नाही, इंजिन पिसाटतं, म्हणाला. मी बोटाने ढकलून पाहिली. तरी भरवसा नाही. फार गोड बोलतो.

१६ फेब्रुवारी
टहरौलीच्या लग्नात इंजिन पिसाटलं. किल्ली फिरवली तरी थांबेना! भाऊजींनी इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर ओलं पोतं दाबलं तेव्हा मेलं. त्यांचा हात भाजला. माणसं मांडव सोडून पळाली, नवरी एकटी पाटावर.

१७ फेब्रुवारी
हरप्रसाद आला. पंपापाशी वाकला. मग भाऊजींकडे बघत राहिला. मी गल्लीदेखत चोर म्हटलं त्याला — जुनाच पुर्जा रंगवून बसवलास. "गलती हो गई, भाभीजी." एवढंच! मानिक चौकातल्या दुकानदारांना सांगून आले, याला काम देऊ नका.

१८ फेब्रुवारी
चोर इतक्या लवकर कबूल होतो?

२० फेब्रुवारी
भाऊजी समोर बसून जेवत नाहीत. जावेला, इंदुमतीला, कोपऱ्यात घेतलं. आधी रडली, मग बोलली. नवरदेवाचा मामा 'उजाला कम है' म्हणून डोकं खात होता. भाऊजींनीच पान्याने नट फिरवून दांडी लांब केली. दिवे झगझगले, पण दांडी मागे येईना.

२१ फेब्रुवारी
हरप्रसादला फोन लावला. का नाही बोललास, म्हणून खडसावलं. म्हणाला, "हम तो नट देखतई समझ गए हते. बोल देते तो आपके घर में दो चूल्हे हो जाते."
भाऊजींना सांगितलंय — मोठला जायचं, त्याच्या दुकानात चार माणसांत खरं बोलायचं. मीही येते, चोर मी म्हटलंय. येणार की नाही? शुक्रवारपर्यंत उत्तर पाहिजे.